पाया पडण्याचं क्रियापद

केशोराव पाळकांना ग्रीक भाषा येत नव्हती. त्यांना ग्रीक क्रियापदं येत होती, तीही मोजकी, आणि त्यातलं एक त्यांच्या फार आवडीचं होतं. पाळक होण्यासाठी ते जबलपूरला शिकायला राहिले, त्या शिक्षणातून एवढंच सामान त्यांनी गोंदियाला आणलं. उपदेशाला उभे राहिले की विषय कुठलाही असो, घडीभरात ते आपल्या क्रियापदावर येत.

ते क्रियापद म्हणजे प्रॉस्कुनेओ. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, जिथे ‘नमन केले’ असं असतं, तिथे मुळात बहुतेक हाच शब्द आहे, असं ते सांगत. त्याच्या पोटात चुंबन आहे. राजापुढे जमिनीवर पडायचं आणि चुंबन द्यायचं, अशी जुन्या लोकांची रीत होती. काही पंडितांच्या मते कुत्रं धन्याचा हात चाटतं, त्यावरून हा शब्द निघाला. कुत्र्याचा उल्लेख आला की केशोराव मागच्या बाकांकडे बघत. तिथे सालेकशाकडच्या जंगलातून आलेली गोंड मंडळी बसत.

रेल्वे कॉलनीमागच्या त्या लहानशा प्रार्थनामंदिरात केशोरावांना पुढच्या बाकांवरचे लोक आवडत. गार्ड, तारबाबू, दवाखान्यातल्या नर्सबाई. मागच्या बाकांवरचे त्यांना आवडत नसत. त्यांच्या अंगाला मोहाच्या दारूचा वास येतो, असं ते बायकोला सांगत, आणि बायको ते साऱ्या कॉलनीला सांगे. वैशाखातही त्यांच्या अंगात काळा कोट असे. घाम मानेवरून आत जाई, पण कोट निघत नसे. कोट काढला तर आपल्यात आणि मागच्या बाकांत काय उरतं, ही भीती त्यांना आतून असावी.

त्या मागच्या बाकांवर पतिराम बसे. सालेकशाच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात मिशनची शाळा होती, तिथला तो मास्तर. लहानपणी तापाने मरता मरता मिशनच्या दवाखान्यात वाचला, तिथेच वाचायला शिकला, आणि मोठेपणी आपल्या मनाने ख्रिस्ती झाला. त्याच्यामागून गावातली आणखी चार-सहा घरं आली. बाप चैतराम मात्र आला नाही. चैतराम कुपात, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलात, झाडं तोडणारा, आरा ओढणारा माणूस. आपले पेन, आपले गोंडांचे देव, आपल्याला पुरेत, असं त्याने मुलाला एकदा सांगितलं आणि विषय सोडला. बापलेकांत त्यावरून कधी वाद झाला नाही. पतिराम सणावारी घरी जाई, बापाच्या पाया पडे, जेवे आणि परत येई.

पतिरामला केशोरावांचं ते क्रियापद मनापासून आवडलं होतं. हे त्याचं दुर्दैव. एका शब्दात एवढं सगळं साठवलेलं असू शकतं, याचं त्याला अप्रूप वाटे. उपासना संपल्यावर तो मागे थांबून विचारी, आणि केशोराव त्याला सांगत, कारण ऐकणारा दुसरा कोणी नव्हता. बाळ येशूपुढे पूर्वेकडचे ज्ञानी, मागी लोक पडले, तिथे हेच क्रियापद. सैतान म्हणाला, मला नमन कर, सगळी राज्यं तुझी, तिथेही हेच. आणि एका उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, त्यांनी असंही सांगितलं की मार्काच्या शुभवर्तमानात शिपायांनी ख्रिस्ताच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट ठेवला, त्याच्यावर थुंकले, गुडघे टेकले आणि नमन केलं. ती टवाळी होती, पण क्रियापद तेच. देहाने वाकणं हे सारं नाही, मनात काय आहे ते बघावं लागतं, असं त्या दिवशी केशोराव बोलले. ते त्यांच्या तोंडून चांगलंच निघालं होतं.

पण पुढे पावसाळ्याआधी त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी जंगलातल्या घरांसाठी नियम काढला. यापुढे कोणी कोणाच्या पाया पडायचं नाही. आईच्या नाही, बापाच्या नाही. पाया पडणं म्हणजे प्रॉस्कुनेओ, आणि प्रॉस्कुनेओ फक्त देवाला. कॉलनीतल्या घरांसाठी हा नियम नव्हता. तिथले लोक समजदार आहेत, असं त्यांचं म्हणणं.

नियम आला आणि आठवड्याभरात पतिरामच्या बहिणीचं, दुर्पताचं लग्न आलं.

घरापुढे जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव पडला होता. नवरदेवाकडचे लोक येऊन बसले. चैतराम नवं धोतर नेसून मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता, पाय पुढे करून. घरातली पोरं, सुना, भाचे एकेक करून येत आणि पाया पडत. पतिराम बायकोला, धनवंताला, घेऊन आला. धनवंता वाकली. पतिराम उभा राहिला. त्याने हात जोडले, मान लववली आणि तसाच उभा राहिला.

चैतरामने वाट पाहिली. मांडवातलं बोलणं हळूहळू थांबलं. घरात ते लोक गोंडीत बोलत, पण चैतराम आता झाडीबोलीत बोलला, म्हणजे पाव्हण्यांनाही कळावं.

“कंबर दुखून राहिली का गा तुही?”

पतिरामने सांगितलं की कंबर ठीक आहे. मग त्याने, ऐन मांडवात, त्या क्रियापदाबद्दल सांगायला सुरुवात केली. ग्रीक लोकांची भाषा, नमनाचा मूळ अर्थ, ते फक्त देवाचंच कसं. तो शांतपणे, शाळेत शिकवावं तसं सांगत होता. चैतरामने सगळं ऐकून घेतलं. पाव्हण्यांतला एकजण हसला, मग दुसरा हसला.

“मी देव हाओ, असं मी तुले कधी मनलो?” चैतरामने विचारलं. “मी बाप हाओ. एवढं तुह्या त्या भाषेत बसत नसन, तं ते भाषा भिकार हाये.”

चैतरामने पाय आवरून घेतले आणि दुर्पताला हाक मारून सांगितलं, या पाव्हण्याले पाट मांड, पानी दे पाय धुवाले, आणि पयले वाढ. पाव्हणे उपाशी जाऊ नये.

तिने तसंच केलं. पतिराम सख्ख्या बहिणीच्या लग्नात, आपल्याच घरात, पाटावर बसून परक्यासारखा जेवला. भाऊ म्हणून कुठल्याच कामाला त्याला कोणी हाक मारली नाही. त्या दिवसापासून चैतरामने त्याचं नाव घेणं सोडलं. वाटेत भेटला तर म्हणे, “काय पाव्हणे, बरे हा?” आणि उत्तराला न थांबता पुढे जाई.

धनवंताने नवऱ्याला दोष दिला नाही, पण त्याच्याशी ती कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. पतिराम मनाची समजूत घालत राहिला. आपण बापाचा अपमान केला नाही, शब्दाचा मान राखला, असं तो स्वतःला सांगे. ते त्याला पुरतं पटत नसे.

पावसाळा सरल्यावर मिशनचे सुपरिंटेंडेंट साहेब गोंदियाला येणार, असं कळलं. साहेब अमेरिकन, वयस्कर, चालताना जरा वाकलेले. केशोरावांना नागपूरच्या मोठ्या मंडळीत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, बदली हवी होती आणि ती साहेबांच्या हातात होती. त्यांनी जंगलातल्या सगळ्या घरांना बोलावून घेतलं, आंघोळ करून यायला सांगितलं आणि फलाटावर रांगेत उभं केलं.

गाडी थांबली. साहेब डब्यातून उतरले, आणि त्यांचा दुसरा पाय जमिनीला लागायच्या आत केशोराव कोटासकट खाली पडले. त्यांनी साहेबांचे दोन्ही बूट हातांत धरले आणि बुटांवर कपाळ टेकलं. साहेब घाबरून मागे सरले, ते डब्याच्या पायरीला धडकले. त्यांनी केशोरावांना खांद्याला धरून उठवलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. हमालांनी ओझी खाली ठेवून हा तमाशा बघितला. केशोराव उठले तेव्हा त्यांच्या कपाळावर बुटाची धूळ होती, आणि त्यांनी ती पुसली नाही.

प्रार्थनामंदिराकडे चालताना पतिरामने त्यांना गाठलं आणि विचारलं, आता केलं ते प्रॉस्कुनेओ नव्हतं का.

केशोरावांना राग आला नाही. उलट आपलं ज्ञान पाजळायला संधी मिळाली म्हणून ते खूशच झाले. मत्तयात राजा आणि चाकराचा दाखला आहे, तिथे चाकर राजाच्या पाया पडतो, तिथेही हेच क्रियापद, पण अर्थ नुसता आदर, असं त्यांनी सांगितलं. शब्द एकच, वापर दोन. कुठे कुठला घ्यायचा हे शिकलेल्या माणसाला कळतं.

पतिरामने विचारलं, शास्त्रात तो रोमी सुभेदार कर्नेल्य प्रेषित पेत्राच्या पाया पडला तेव्हा पेत्राने तर ऊठ म्हटलं, मीही माणूसच आहे म्हटलं.

“मग साहेबांनी मला उठवलंच की,” केशोराव म्हणाले.

“मंग माह्या बापाच्या वेळी तुमी हा दुसरा वापर काऊन नाई सांगितला, पाळकसाहेब?”

केशोराव थांबले. त्यांनी पतिरामकडे, त्याच्या अनवाणी पायांकडे, धुतलेल्या पण फाटक्या सदऱ्याकडे बघितलं.

“साहेब आणि तुझा बाप एक झाले का, पतिराम?” ते म्हणाले, आणि साहेबांना गाठायला भराभर पुढे गेले.

पतिराम रस्त्याच्या कडेला उभा राहिला. एवढे दिवस जे त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं, ते आता साफ उतरलं. नियम देवासाठी नव्हताच. चैतराम कोणाकडूनही पाया पडून घेण्याच्या लायकीचा नाही, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो अर्थ पतिरामने स्वतः उचलून मांडवापर्यंत नेऊन पोहोचवला होता. त्याला केशोरावांची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली.

उपासनेनंतर केशोरावांनी जाहीर केलं की जंगलातली मंडळी एकेक करून पुढे येऊन साहेबांना आदर दाखवतील. स्वतः ते साहेबांच्या बाजूला, पोट पुढे काढून उभे राहिले. लोक आले. कोणी वाकले, कोणी नुसते हात जोडले. साहेब प्रत्येकाला कसनुसं हसून थांबवत होते.

पतिरामची पाळी आली. त्याने साहेबांना साधा जोहार केला. मग तो केशोरावांपुढे गेला, दोन्ही गुडघे टेकले, आणि त्यांच्या बुटांवर कपाळ ठेवलं. सावकाश उठला, पुन्हा ठेवलं. पुन्हा. केशोरावांना भरून आलं. सगळ्या मंडळीदेखत, साहेबांदेखत! त्यांनी पतिरामच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वादाचं काहीतरी पुटपुटले.

पतिराम उठून उभा राहिला.

“हे मार्कातलं हाये, पाळकसाहेब,” तो म्हणाला. “शिपायांनी केलं ते.”

केशोरावांचा हात हवेत राहिला. पुढच्या बाकावरच्या नर्सबाईंनी पदर तोंडाला लावला. साहेबांना मराठी पुरती कळत नसे. त्यांनी विचारलं, काय म्हणाला तो? केशोरावांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगितलं की तो आभार मानतोय.

परतीच्या गाडीत धनवंता खिडकीशी बसली होती. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली.

“शिपाई थुकले बी होते ना?”

“होय.”

“मंग तू अर्धंच केलास.”

पतिराम हसला नाही. सालेकशाला उतरल्यावर तो घरी न जाता सरळ बापाकडे गेला. चैतराम अंगणात कुऱ्हाडीचा दांडा घासत बसला होता. पतिराम त्याच्यापुढे वाकला. चैतरामने पाय अंगाखाली ओढून घेतले.

“पाव्हण्यानं पाया पडाचे नसते,” तो म्हणाला आणि दांडा घासत राहिला.

पतिराम तसाच वाकलेला राहिला, मग उभा राहिला, मग गेला.

केशोरावांना नागपूर मिळालं. जाण्याआधी त्यांनी जंगलातली शाळा बंद करून घेतली. मास्तर उद्धट आहे आणि मुलं येत नाहीत, असं त्यांनी वर कळवलं. मुलं येत होती. नागपूरलाही ते त्याच क्रियापदावर उपदेश करतात, आणि मोठी मंडळी त्यांना फार विद्वान समजते, असं गोंदियाहून ऐकू येई. समजत असेल. मोठ्या मंडळीला दुसरं काय काम असतं.

पतिराम ख्रिस्ती राहिला. बाकीची घरं एकेक करून गळाली, तो राहिला, आणि का राहिलास असं विचारणाऱ्याला उत्तर देत बसला नाही. पोटासाठी तो कुपात गेला. चैतरामचा जोडीदार म्हातारा होऊन घरी बसला होता आणि आरा एका माणसाने चालत नाही, म्हणून मुकादमाने या नव्या गड्याला, पतिरामला, त्याच्यासमोर बसवलं. चैतरामने हरकत घेतली नाही. कामाच्या बाबतीत तो कोणाला नाही म्हणत नसे.

दोघं समोरासमोर बसून सागाचे बुंधे कापत. बोलणं लाकडापुरतं. हिवाळा तसाच गेला. एका दुपारी, आऱ्याला तेल लावताना, चैतरामने वर न बघता विचारलं, तो शबद काय होता.

पतिरामने शब्द सांगितला. मग त्याने सगळंच सांगितलं. मागी लोक, सैतान, राजा आणि चाकर, कर्नेल्य, शिपाई. कुत्र्याचंही सांगितलं. चैतराम ऐकत होता. मधे एकदा त्याने तंबाखू थुंकली.

“एवढे अर्थ हायेत त्याचे?”

“हायेत.”

“आन् बापासाठी तुले त्यातला तो देवाचाच सापडला.”

चैतरामने आऱ्याची आपली मूठ धरली आणि तो दुसरी मूठ धरायची वाट बघत बसला. पतिरामने ती धरली. बुंधा जाड होता, दिवस मावळेपर्यंत पुरेल एवढा.