सेवजिदमावशीची रिकामी जागा

माझा ड्रोन खोटं बोलत नाही, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत असे. खाणीत मला पगार त्याचाच मिळतो. खड्डा किती खोल गेला, कोळशाचा ढीग किती वाढला, हे वरून फोटो काढून मोजायचं आणि नकाशा करून द्यायचा. पूर्वी हेच काम माणसं मोजणीची काठी खांद्यावर टाकून करायची आणि ढिगावरून घसरून पाय मोडून घ्यायची. त्यामुळे माझा माझ्या यंत्रावर जीव आहे. पण त्या उन्हाळ्यात मी त्याला पहिल्यांदा शिव्या घातल्या.

झालं असं, की कोळशावरून काढलेली माती टाकायला खाणीला नवी जागा हवी होती. सोयीच्या जागा दोनच, आणि दोन्हीकडे कळपवाले, म्हणजे ऋतूप्रमाणे तंबू आणि जनावरं हलवणारे आमचे लोक, मुक्कामाला येतात. टेकडीच्या अलीकडे योन्दोनचा वसंतातला मुक्काम आणि पलीकडे सेवजिदमावशीचा शरदातला. नियम साधा होता. नकाशात वापराच्या खुणा दिसल्या तर जागा वापरातली, नाहीतर पडीक. पडीक असेल ती आधी घ्यायची. दोन्ही वापरातल्या निघाल्या तर खाणीला जवळ पडेल ती, म्हणजे योन्दोनची. योन्दोनकडे शेळ्या व्यायच्या वेळी लागणारं दगडी कुंपण आहे, ते फोटोत झकास आलं.

मावशीच्या जागेवर मात्र काहीच आलं नाही. माझ्या फोटोत पडलेलं बटणही ओळखू येतं, पण तिथे राख नाही, खुंटीचं भोक नाही, दोरीचा तुकडा नाही. कडेला गेल्या वर्षी बोअर पाडायला आलेल्या लोकांनी तळ ठोकला होता. त्यांच्या बाटल्या, चाकोऱ्या, तेलाचा डाग, सगळं कसं ठळक दिसत होतं. म्हणजे नियमाप्रमाणे ते तिथले रहिवासी आणि पन्नासेक वर्षं तिथे येणारी मावशी कोणीच नाही!

कारण मला न सांगता कळलं. मुक्काम हलवताना तंबू ट्रकवर चढला, की घरातली बाई मागे राहते. राख पुरते, खुंट्यांची भोकं बुजवते, पडलेली सुतळी उचलते. आमच्यात सगळेच हे करतात, पण मावशी म्हणजे अतीच. तिने झाडून काढलेल्या जमिनीवर दुसऱ्या दिवशी उंदीरसुद्धा बिचकत चालत असतील.

मी मोटारसायकल काढली आणि तिच्या उन्हाळी मुक्कामावर गेले. तिने खारा चहा पुढे केला, वाळवलेल्या दह्याचे खडे ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “वाळलीस गं उयांगा. खाणीत जेवायला घालत नाहीत का?”

“मावशी, ते राहू दे. तुझ्या शरदाच्या जागेवर आजच्या आज जा आणि थोडी घाण करून ये.”

“काय करून येऊ?”

“राख टाक. फुटकी बादली टाक, एखादा जुना टायर. तुझंच सामान, त्यात खोटं काही नाही. मी परत फोटो काढते.”

तिने चहाची वाटी खाली ठेवली. “लग्न होऊन आले त्या वर्षी मूठभर राख उघडी राहिली म्हणून सासूने मला अर्ध्या वाटेतून मागे पाठवलं होतं. घोड्यावरून नाही, पायी. आणि तू म्हणतेस, घाण कर म्हणजे जागा माझी होईल?”

“मग तंबूच नेऊन ठोक तिथे.”

“आत्ता? गवतातला रानकांदा आत्ता कुठे वर येतोय. आत्ता जनावरं घातली तर शरदात त्यांना काय माझी हाडं चारू? शरदात तिथे अंगावर चरबी धरली तरच ती थंडी काढतात. नाहीतर उभ्या उभ्या मरतील. तू काय शहरात जन्मलीस का हे विचारायला?”

“पण नकाशात ती जागा रिकामी दिसते, मावशी!”

“मी रिकामी ठेवते म्हणून दिसते. तुझ्या त्या माशीला एवढंही कळत नाही?”

मी तणतणत परत निघाले. म्हातारीचा हट्ट, खाणीचा नियम, माझं यंत्र, सगळ्यांचाच राग आला होता. तिची जागा गेली तर तिचा कळप जाणार, आणि कळप गेला की ती लेकाकडे शहरात चौथ्या मजल्यावर जाऊन खिडकीत बसणार, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं. पण वाटेत तिचं एक वाक्य डोक्यातून जाईना. मी रिकामी ठेवते. रिकामी असणं वेगळं आणि कुणीतरी ठेवणं वेगळं. मग मी इतकी वर्षं वरून काय बघत होते?

आमच्याकडे आणखी एक कॅमेरा आहे. खाणीने वापरून बुजवलेल्या जमिनीवर गवत रुजलं की नाही, हे तपासायला तो लागतो. गवत जिथे दाट तिथे नकाशात गडद रंग, जिथे खाल्लेलं तिथे फिका. तो लावून मी मावशीच्या जागेवर आणि आजूबाजूला पुन्हा उड्डाण केलं. सगळीकडे शेळ्यामेंढ्यांनी खाऊन फिकट झालेली जमीन, आणि मधोमध गडद हिरवा भला मोठा तुकडा. त्याला कुंपण नव्हतं, तरी चारी बाजूंचे कळप त्या कडेपर्यंत येऊन मागे फिरले होते. फक्त टेकडीच्या बाजूचा एक कोपरा कुणी पोळीचा लचका तोडावा तसा फिका होता. तो कोपरा बघून मी चपापले, कारण त्या बाजूला एकाच माणसाचा कळप असतो.

गावच्या सभागृहात बैठक झाली. खाणीचा इंजिनियर तेमूलेन राजधानीतून आलेला, वयाने लहान, वागायला सरळ. त्याने आधी माझा पहिला फोटो पडद्यावर लावला.

“सेवजिदमावशी, तुम्हीच बघा. इथे तुमचं काही दिसतंय का?”

मावशी उठली, पडद्याशी गेली आणि नाक लावून सगळा फोटो निरखला. तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की मी कपाळावर हात मारला.

“काही म्हणजे काही नाही,” ती सगळ्यांकडे वळून म्हणाली. “चांगला काढलाय गं फोटो! बघा रे बायांनो, एक काडी तरी आहे का?”

सभागृह हसलं. तेमूलेननेही हसू दाबलं आणि लिहायला पेन उचललं. मी ताडकन उठले.

“थांबा. दुसरा नकाशा बघा आधी.”

मी हिरवा नकाशा लावला आणि कळप कुठवर येतात, कुठून मागे फिरतात, ते दाखवलं. आजूबाजूच्या दोघातिघा कळपवाल्यांनी माना डोलावल्या. तेमूलेनने लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, “पण उयांगाताई, जमिनीखाली पाणी असेल तरी गवत असंच दाट येतं. माणसाने राखलंय, हे यावरून कसं म्हणायचं?”

प्रश्न रास्त होता. उत्तर त्या लचक्यात होतं आणि ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण तो कोपरा कुणी खाल्ला हे सांगायचं, तर एका माणसाची अख्ख्या गावासमोर अब्रू घ्यायची, आणि वर त्याचीच जागा घालवायची. मला ते जमेना. मी नुसतीच उभी राहिले आणि स्वतःची चीड आली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून योन्दोन उठला. एरवी हा माणूस बैठकीत आला की टवाळी केल्याशिवाय राहत नाही. आज त्याने टोपी हातात धरली होती.

“तो कोपरा माझ्या शेळ्यांनी खाल्ला,” तो म्हणाला.

“कधी?” तेमूलेनने विचारलं.

“उन्हाळा लागल्यापासून. रात्रीचा.”

“रात्रीच का?”

“दिवसा मावशी जागेवर फेरी मारते, तिने पाहिलं असतं ना.” तो घसा खाकरून म्हणाला, “पडीक जागेत कुणी चोरून चारतं का, साहेब?”

कुणी हसलं नाही. तेमूलेनने पेन खाली ठेवलं. “योन्दोनदादा, ही जागा वापरातली ठरली तर माती कुठे पडणार, तुम्हाला माहीत आहे ना?”

“माहीत आहे. मी शेळ्या राखतो, स्वतः शेळी नाही.” आणि तो मटकन खाली बसला.

तेमूलेनने मावशीच्या नावापुढे ‘वापरात’ असं लिहिलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण योन्दोनच्या खाली गेलेल्या मानेकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चोरी केलेल्या माणसाबद्दल मला कधी इतका आदर वाटला नव्हता, आणि तो त्याला बोलून दाखवायची हिंमतही होईना.

मावशी काठी टेकत त्याच्यापाशी गेली.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “तुझ्या शेळ्यांच्या लेंड्या ओळखते मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलतोस का ते बघत होते.” ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. “वसंतात शेळ्या व्यायला लागल्या की कुठे नेशील आता?”

“बघू. भरपाई मिळेल म्हणतात.”

“भरपाईवर करडं पाजणार आहेस का?”

मावशीने पडद्याकडे बघितलं. हिरवा तुकडा अजून तिथेच होता. वसंतात त्या जागेवर जनावरं घातली, की शरदाला निम्मं गवत उरतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिला तर सगळ्यात जास्त.

“माझ्या जागेतला काळ्या खडकापर्यंतचा भाग तू घे,” ती म्हणाली. “पण दिवसा ये.”