आडाजवळच्या खांबाची भीती

मित्रांनो, मी विजेचा एक जुना सिमेंटचा खांब आहे. जळकोटकडच्या एका गावात, आडाच्या काठाला उभा आहे. खांबाला कसली आली भीती, असं तुम्हाला वाटेल. मला ट्रकची भीती वाटते. लांबून इंजिनाचा आवाज आला, की अजूनही माझ्या आतल्या सळया थरथरतात.

माझा जन्म नांदेडजवळच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून काढल्यावर मला बरेच दिवस हौदात बुडवून ठेवलं होतं. सिमेंट पाणी पिऊनच घट्ट होतं, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. पुढे ट्रॅक्टरवरून मी या गावात आलो. आडावरची मोटार सुरू झाली त्या दिवशी बायांनी मला हळदीकुंकू लावलं. गावातली गुणाबाई माझ्याकडे बघत म्हणाली, "आता दोर ओढून हाताला घट्टे पडायचे न्हाईत." ती वर्षं फार सुखाची होती.

मग लातूरचा नवा जिल्हा झाला आणि त्याच सुमाराला पावसानं दोन वर्षं दडी मारली. आड आटला. मोटार बंद पडली, पण माझ्या डोक्यावरच्या तारांत गावाची वीज वाहतच होती. रोज दुपारी पाण्याचा टँकर यायचा. तो उलटा येत आडाला टेकायचा आणि पाणी आडात सोडायचा. बाया पोहरे घेऊन माझ्याभोवती दाटी करायच्या. गुणाबाईचे गुडघे दुखायचे, म्हणून ती मला पाठ टेकून बसायची. एका दुपारी टँकर मला घासून गेला. अंगाचा टवका उडाला, सळई उघडी पडली. आपण कोसळलो तर या तारा कुणाच्या अंगावर पडतील, हे मला कळलं आणि माझं सुख त्या दिवशी संपलं.

सरपंचांनी टवका पाहिला आणि ठरवलं, की टँकर खांबाला लागू नये म्हणून खांबाच्या दोन बाजूंना जाड लोखंडी नळ्या पुरायच्या आणि त्या काँक्रीटनं भरून टाकायच्या. काम सिद्धलिंग मिस्तरीकडे गेलं. तो हिशेबाचा पक्का. त्यानं टेप लावला. दोन खड्डे, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट खोल.

"ओल्या मालाला कोरडा माल दीडपट लागतो," तो म्हणाला. "नळ्यांतलं धरून पाच पोती सिमेंट. एक घमेलं कमी न्हाई की जास्त न्हाई."

सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळायचं, आणि लातूरला नव्या कचेऱ्यांची बांधकामं चालली होती. सरपंचांना कशीबशी पाचच पोती मिळाली.

पण आमची जमीन काळी, आणि दोन वर्षांची तहानलेली. खड्ड्यांच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. सिद्धलिंगानं खड्डे मोजले, भेगा धरल्याच नाहीत. शिवाय त्याच्या रीतीप्रमाणे त्यानं नारळ फोडून पहिलं घमेलं ईशान्येच्या खड्ड्यात टाकलं. टँकर यायचा नैर्ऋत्येकडून. माल पडत होता आणि भेगांत शिरत होता. तो खड्डा भरला तेव्हा चार पोती संपली होती.

सिद्धलिंगानं उरलेल्या एका पोत्याकडे बघितलं. मग त्यानं टँकरच्या बाजूच्या दुसऱ्या खड्ड्यात दगड आणि मुरूम लोटला, वरून उरलेला माल पसरला आणि थापीनं गुळगुळीत केला. रंग लावल्यावर दोन्ही नळ्या सारख्याच दिसू लागल्या.

"झालं का मिस्तरी?" सरपंचांनी विचारलं.

"झालं की," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

आता गुणाबाई नेमकी त्या कच्च्या नळीला टेकून बसू लागली. "हा खुंटा हाय, आता भ्या न्हाई," असं ती बाकीच्या बायांना सांगायची. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. टँकर मागे येऊ लागला, की मी चाकांकडे बघत राहायचो. सिद्धलिंगही रोज त्याच वेळेला यायचा आणि हात वर करून ड्रायव्हरला म्हणायचा, "हळू, हळू."

एके दिवशी वारा सुटला होता, धुरळ्यात काही दिसत नव्हतं. ड्रायव्हरला पुढच्या गावाची घाई होती. सिद्धलिंगाची हाक त्याला ऐकू गेली नाही, तेव्हा सिद्धलिंग गुणाबाईकडे धावला.

"मावशी, ऊठ. ती नळी कच्ची हाय."

"काय बोलायलास तू?"

त्यानं तिला दंडाला धरून ओढलं. टँकर नळीवर आदळला आणि ती मुळा उपटावा तशी वर आली. मग धक्का मला बसला. मी कललो. डोक्यावरच्या तारा एकमेकींना लागल्या, ठिणग्या पडल्या आणि डीपीवरचा फ्यूज उडाला. टँकर थांबला. बाया पोहरे टाकून लांब पळाल्या होत्या. कुणालाही लागलं नव्हतं.

गुणाबाई जमिनीवर बसली होती. "तुला ठावं होतं?" तिनं विचारलं.

"हाव."

"कवापासून?"

"माल सरला तवापासून. भेगा धरायच्या राहिल्या, मावशी. सांगायची लाज वाटली."

तिनं लुगड्याची धूळ झटकली. मग म्हणाली, "आता काय काय लागतं?"

"तीन पोती. अन् धा दिस रोज पाणी."

सिमेंटचं सरपंचांनी कबूल केलं. पाण्याचं नाव निघाल्यावर मात्र सगळ्या बाया खाली बघू लागल्या. घरटी दोन घागरी मिळायच्या, त्यातच माणसं आणि जनावरं.

सिद्धलिंगानं या वेळी आधी भेगा ठासून बुजवल्या, मग नळी पुन्हा उभी करून माल ओतला. दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि मी पुन्हा थरथरलो. गुणाबाईनं आपली घागर भरली, तीतला एक तांब्या काढला आणि त्या ओल्या काँक्रीटवर ओतला. मागच्या बाईनंही ओतला. मग तिच्या मागच्या बाईनं. दहा दिवस असंच चाललं. सिद्धलिंग सगळ्यांत शेवटी यायचा, आपली एक अख्खी घागर ओतायचा आणि रिकामी घेऊन घरी जायचा.

मित्रांनो, मी अजून थोडा कललेला आहे आणि अजून भितो. खांबाजवळ गाडी मागे घ्यायची असेल, तर आधी उतरून बघा. मोजमाप कराल तेव्हा जमिनीच्या भेगा धरा, आणि चुकलात तर त्याच दिवशी सांगा. गुणाबाई आता नाही. नळीचा रंग केव्हाच उडाला आहे. त्या नळीला कुणी धडक देऊ नका, कारण तिच्या बुडाशी त्या उन्हाळ्यातलं पिण्याचं पाणी आहे.