खोटी साखळी चालवणारा संगणक

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलावर घरघरतोय ना, तो जुना संगणक मीच. माझ्या आत एक खोटी साखळी आहे. खरी साखळी, म्हणजे ब्लॉकचेन, एकाच वेळी असंख्य संगणकांवर लिहिली जाते. तिथं एकदा गेलेला प्रोग्रॅम पुसता येत नाही. म्हणून तो आधी माझ्यावर चालवायचा आणि चुका इथंच करून घ्यायच्या. सुटे भाग जुळवून ताईनं मला त्यासाठीच उभं केलं.

ताई प्रोग्रॅम लिहायची, तिचा धाकटा भाऊ गिऱ्हाइकं सांभाळायचा. "हा तोंडावर खरं सांगतो," म्हणत तो येणाऱ्याजाणाऱ्याला मला कौतुकानं दाखवायचा. पुढे इंटरनेटवर झटपट चाचणी करून देणारी भाड्याची सेवा आली आणि माझी रवानगी टेबलाखाली, प्रिंटरच्या रिकाम्या खोक्यामागे झाली. तिथं कुणाचा पाय लागला, तरी वर शिव्या मलाच.

एका सकाळी औषध-गोदामाच्या बाई आल्या. थंड ठेवायच्या इंजेक्शनांच्या प्रत्येक खोक्यात तापमान मोजणारं यंत्र होतं. खोकं तापलं की ताईनं त्यांच्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमनं साखळीवर 'वापरू नका' असा शेरा मारायचा. तो कुणालाच खोडता येऊ नये म्हणून ही सारी खटपट. नेमकी त्याच सकाळी भाड्याची सेवा बंद पडली.

"ताई, प्रोग्रॅम साखळीवर पाठवून टाक. गाडी भरून उभी आहे," भाऊ म्हणाला.

"आणि चुकलं तर?"

"अगं, काल सगळं ठीक होतं की!"

बाई हळूच म्हणाल्या, "माझ्या नातीचं इंजेक्शनही याच गाडीत आहे हो."

ताईनं मला ओढून बाहेर काढलं. पंखा खडखडला. माझा जीव टांगणीला लागला. मध्येच डिस्क बसली तर? तिनं एकेक खोटं खोकं तापवून पाहिलं. सगळी 'वापरू नका' म्हणून अडली. भाऊ येरझाऱ्या घालत होता. मग तिनं एका खोक्याचं यंत्रच गप्प केलं. प्रोग्रॅमनं शेवटचं थंड तापमान खरं धरलं आणि खोकं चक्क पुढे सोडलं! मी पडद्यावर चूक सांगणारी तांबडी ओळ दाखवली.

भावानं ती ओळ वाचली. मग म्हणाला, "बाई, आजची खोकी हातानं तपासूनच पाठवा."

दुरुस्त केलेला प्रोग्रॅम नंतर गेला. भावानं मला पुसून टेबलावर ठेवलं. पण माझी धाकधूक संपलेली नाही. हल्ली सुरू होताना मी अडखळतो, आणि ताईच्या साऱ्या चाचण्या एकट्या माझ्याच डिस्कवर आहेत. मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल. पण ताईशी गाठ पडली तर तिला सांगा, त्या दुसरीकडे उतरवून घे. आजच, मी चालू आहे तोवर.