तोंडाला लावायचा केक

सुयोग परबचा केक शेवटी एकाने खाल्ला. चवीने, शेवटच्या कणापर्यंत. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही असं धरून पुढे चला.

तर, सुयोगचा केक कुणीच खात नव्हतं. विम्याच्या कंपनीतली नोकरी सोडून तो वर्षभर बेकिंग शिकला, घाटकोपरच्या दीड खोलीत देवघराला खेटून ओव्हन मांडला आणि लोकांना चांगला केक हवा असतो अशा गैरसमजात धंद्यात उतरला. केक लोकांना हवाच होता. फासायला.

पहिली ऑर्डर बालमित्र नितेशच्या वाढदिवसाची. नितेश हा युवा नेता, म्हणजे त्याचा फोटो चौकात फ्लेक्सवर असतो आणि फ्लेक्स तोच लावतो. सुयोगने दोन दिवस खपून हापूसचा केक केला. सुरी टेकते न टेकते तोच आठ हातांनी तो नितेशच्या तोंडावर थापला.

"झकास होता यार," दुसऱ्या दिवशी नितेशचा फोन.

"चव कशी होती?"

"चव?" नितेश विचारात पडला. "ते नाय माहीत. पण चिकटला काय मस्त. तासभर हलला नाय."

ही कीर्ती पार मुलुंडपर्यंत गेली. डोळ्यांत झोंबत नाही ना, दाढीतून निघतो ना, असल्या चौकश्या सुरू झाल्या. कॉलेजात पोषणशास्त्र शिकवणाऱ्या गंधाली मॅडम म्हणाल्या, "अंडं नको हं, केसांना वास राहतो." सुयोगने मनातल्या मनात सगळं उपनगर अडाणी ठरवलं आणि ऑर्डर लिहून घेतली.

त्याच्या आईला, जानकीला, साखरेचा आजार. ती फक्त विचारायची, "आज तरी कोणी खाल्ल्यान?"

"नाही गं."

"मगे उटणाच इक मरे. भाजूचो तरी तरास नाय."

नितेशच्या पुढच्या वाढदिवसाला सुयोग स्वतः हापूसचा केक घेऊन चौकात गेला. अट एकच, आधी एक घास खायचा. नितेशने माइकवर कबूल केलं आणि आ वासला. तेवढ्यात कार्यकर्त्यांनी अख्खा केक त्याच्या डोक्यावर उपडा केला. नेत्याने लगेच तोंड मिटलं आणि फोटोसाठी अंगठा वर केला.

तेव्हा स्टेजखालून चौकातलं पिवळं कुत्रं आलं. खुर्चीत बसलेल्या नितेशच्या मांडीवर पाय रोवून त्याने डावा गाल साफ केला, मग उजवा. कानामागे गेलेला आंबा शोधून काढला. मधेच थांबून जीभ टाळूला लावली, जरा विचार केला आणि पुन्हा कामाला लागलं. सगळं संपल्यावर सुयोगकडे बघून शेपूट हलवली. सुयोगला भरून आलं. एवढ्या लोकांत एकाला तरी अक्कल होती.

सोमवारी त्याने वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला:

"महोदय, आमच्या चौकातील पिवळ्या कुत्र्यास इतर रहिवाशांप्रमाणे जन्मतारखेचा दाखला देण्यात यावा, जेणेकरून अर्जदारास त्याच्या वाढदिवसाचा केक करता येईल. तारीख कार्यालयाने आपल्या सोयीने ठरवावी. वर्षातून किमान चार तारखा मंजूर व्हाव्यात, ही नम्र विनंती."