बद्द वाजलेली लादी

दादाने बोटाच्या पेराने लादीवर टकटक केलं आणि नेहमीसारखा म्हणाला, "खणखणीत! चला, ओट्यावर चढवू."

कसली डोंबलाची खणखणीत! मी समोरच उभा होतो. सिंकसाठी भोक पाडलं होतं त्या कोपऱ्यात लादी बद्द वाजली, फुटक्या मडक्यासारखी. अखंड ग्रॅनाइट घुमतो, तडा गेलेला बद्द बोलतो. हे मला शिकवलं कोणी? या थोरल्या भावानेच. आणि वीस वर्षं कटर चालवून कान गेले तेही त्याचेच. वहिनीवर खेकसायचा, "तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस!" कान तपासायला चल म्हटलं, की घर डोक्यावर घ्यायचा.

वर्षभर मी मूग गिळून बसलो होतो. गोदामात तो पुढे गेला, की मी मागून प्रत्येक लादी पुन्हा वाजवायचो. बद्द निघाली, तर गुपचूप बदलायचो. आजची मात्र कापून झाल्यावर थेट इथेच येऊन पडली होती.

दादा ओट्याखालच्या आडभिंतींवर सिमेंटचा मसाला पसरायला लागला, आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. पाणी प्यायलो, हातातच असलेली पट्टी शोधली, उगाच जिना उतरून वर आलो.

"मुंग्या चावतायत का रे तुला?" ज्यांचा ओटा होता त्या काकूंनी विचारलं. बिचाऱ्या दहा दिवस बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून स्वयंपाक करत होत्या. आज ओटा होणार म्हणून सकाळपासून खुशीत होत्या.

बोललो तर त्यांच्यासमोर दादाचं नाक कापलं जाणार. नाही बोललो, तर एक दिवस उकळत्या पातेल्यासकट दगड त्यांच्याच पायावर.

"धर रे तिकडून! झोपलास का?" दादा ओरडला.

"नाही धरणार."

"काय?"

"नाही धरणार! बद्द वाजतेय!" मी एवढ्या मोठ्याने बोललो, की काकू दचकल्या.

दादाचा पारा चढला. "काल शेंबूड पुसायला लागलास, आणि मला दगड शिकवतोस?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी तांब्याभर पाणी लादीवर ओतलं आणि फडक्याने खसाखसा पुसलं. बघता बघता लादी सुकली. सिंकच्या कोपऱ्यातून निघालेली वीतभर रेघ तेवढी ओली राहिली.

दादा त्या रेघेवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "आणि आधीच्या? वर्षभर बसवल्या त्या?"

"सगळ्या वाजवल्यात मी. तुझ्या मागून."

वाटलं, आता मुस्काटात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं, कारण मलाच रडू यायला लागलं होतं. पण तो काकूंकडे वळला. "काकू, दगड खराब निघाला. दुपारी दुसरा आणतो." एवढंच बोलला आणि पसरलेला मसाला खरवडायला लागला.

गोदामात त्याने दुसरी लादी निवडली. मी सवयीने मागे जाऊन उभा राहिलो.

"मागे काय करतोस? इकडे ये, समोर."

मी समोर गेलो. त्याने लादीवर टकटक केलं आणि दगडाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिला.