कोऱ्या जागेवरचा पंजा

गुहेतल्या आदिमानवाच्या चित्रांच्या नकला उतरवण्यात म्हाताऱ्याची चाळीस वर्षं गेली होती. एकही रेघ त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि हे तो स्वतःच चारचौघांत ऐकवायचा.

आज कार्यालयात नव्या तपासनीस बाई त्याची एक जुनी नक्कल आणि भिंतीचा ताजा फोटो शेजारी शेजारी मांडून बसल्या होत्या. फोटोत गेरूच्या फवाऱ्यात उमटलेला चिमुकला पंजा होता. नकलेत त्या जागी कोरा कागद.

"काका, हा पंजा मागाहून कोणीतरी केलाय. सोमवारी पुसायला माणसं पाठवते."

म्हाताऱ्याने फोटो आपल्याकडे ओढला. तो पंजा त्याच्या मुलीचा होता.

या गुहेबद्दल कार्यालयातल्या जुन्या साहेबांचा एक तर्क होता, अहवालातही छापलेला. त्या लोकांना म्हणे कातळ ही नुसती कातडी वाटायची. आत जनावरांचे कळप राहतात. आजारी पोराचा पंजा तिथे टेकवून वरून रंग फुंकला, की रानबैलाचं बळ पोरात उतरतं. म्हातारा तेव्हा असल्या गोष्टींना हसायचा. पण डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा हाच शहाणा सात वर्षांच्या पोरीला पाठुंगळी मारून गुहेत गेला आणि तोंडात गेरू धरून फुंकत बसला. "बाबा, गुदगुल्या होतात," असं म्हणून ती हसली होती. पंधरा दिवसांत ती गेली. तिचं आता तेवढंच काय ते उरलं होतं.

"जुनाच आहे तो," म्हातारा म्हणाला. "माझ्याकडून उतरवायचा राहिला."

"तुमच्याकडून?"

"हो. चुकलं माझं."

बाईंनी नक्कल उचलून पुन्हा निरखली. "मग बाकीच्या नकलांवर तरी भरवसा कसा ठेवायचा, काका? सगळ्या रद्द करून नव्याने काढाव्या लागतील. तसं लिहून द्याल?"

एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली. त्याने निमूटपणे लिहिलं. सही करताना मात्र पेन दोनदा थांबलं.

बाईंनी फोटो पुन्हा जवळ घेतला. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "केवढासा आहे हो! वाचलं असेल का ते पोर?"

"नाही," म्हातारा म्हणाला, आणि सही केलेला कागद त्याने त्यांच्यापुढे सरकवला.