दोन वाटा, एकच चर

नेटवाल्या मॅडमना कॉलेजात सगळे वचकून असत, कारण त्या तोंडावर बोलत. आवाराचं नवं नेटवर्क आखायला बसल्या तेव्हा त्यांनी प्राचार्यांनाच बजावलं, "ज्याने त्याने दिसेल तिथे तार खुपसायची, ही धर्मशाळा आता बंद."

मग त्यांनी तीन थर मांडले. मधोमध कोअर, म्हणजे सगळ्याचा गाभा. त्याखाली प्रत्येक इमारतीला एक वाटप करणारा स्विच. सगळ्यात खाली वर्गावर्गातली छोटी खोकी. खालचं खोकं मेलं तर एक वर्ग अडेल, बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही. पण इमारतीचा स्विच गाभ्यापासून तुटला तर अख्खी इमारत आंधळी. म्हणून तिथे दोन केबली, आणि त्याही वेगळ्या वाटांनी: एक ग्रंथालयामागून, दुसरी मैदानाच्या कडेने.

खोदकाम त्यांनी धाकट्या भावाला मिळवून दिलं. त्याचा धंदा बसला होता. बहिणीचं काळीज, टाकला शब्द. काम संपलं तसा तो म्हणाला, "ताई, झालं बघ तुझ्या मनासारखं." मॅडमनी एक केबल उपटली, नेटवर्क चालू. ती लावून दुसरी उपटली, तरी चालू. खूश होऊन सही ठोकली. आता केबल उपटून केबल तपासता येते. ती जमिनीखालून कुठून आलीय, ते कसं कळणार? पण सख्ख्या भावावर कोण संशय घेतं!

ऐन परीक्षेत नळवाल्यांनी ग्रंथालयामागे खोदलं आणि परीक्षेची अख्खी इमारत बंद पडली. मॅडम धावत गेल्या. खड्ड्यात दोन्ही केबली शेजारीशेजारी तुटून पडल्या होत्या. मैदानाच्या कडेला कुणी कुदळसुद्धा लावली नव्हती.

भावाने दुसरा चर खणलाच नाही, हे त्यांना कळलं. तरी मनाशी म्हणाल्या, आळस केला असेल, पण कबूल करेल. अर्धा दोष आपण घेऊ.

प्राचार्यांनी भावाला बोलावून घेतलं. मान खाली घालून तो म्हणाला, "मी काय सर, सांगकाम्या. ताईच म्हणाली, कशाला दोन चर, टाक एकातच."

 याच्या वाट्याचा मार लहानपणी मॅडमनी खाल्ला होता, आणि आज यानेच केसाने गळा कापला. परक्याने कापला असता तर एवढं लागलं नसतं.

"खोटं बोलतोय तो, सर," त्या म्हणाल्या. "आणि न बघता सही केली ती मी. माझं काय करायचं ते करा."

प्राचार्यांनी चौकशी होईपर्यंत दोघांनाही कामावरून दूर केलं.

भाऊ जिन्यापर्यंत मागे आला. "ताई, तू शिकलेली, तुला दुसरीकडे मिळेल. माझं कसं व्हायचं? अगं, घरचा माणूस ना मी?"

"म्हणूनच तर चर बघितला नाही," त्या म्हणाल्या.